थंड नळीची पहिली गोळी

पौषातील पहाट आहे. जयपूरच्या जुन्या परकोटाबाहेर, आग्नेय दिशेस वसलेल्या आदर्शनगरात अद्याप धुके रेंगाळत आहे. चहाच्या टपऱ्यांवर शेगड्या पेटल्या आहेत आणि लोकरीच्या मोज्यांतही बोटे गारठत आहेत. राजस्थानच्या या राजधानीत जानेवारीतील पहाट सात-आठ अंशांपर्यंत उतरते आणि त्याच दिवशी दुपारी पारा बावीस-तेवीस अंशांवर जाऊन बसतो. माणसाला हा फरक अंगावर शाल घेऊन आणि ती काढून ठेवून निभावता येतो. परंतु ज्या वस्तूचे सारे मोल तिच्या अचूकपणात साठविलेले असते, तिला हा फरक कसा जाणवत असेल?

याच वसाहतीतील एका मराठी घरातून सतरा वर्षांची एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर जगतपुऱ्याच्या नेमबाजीच्या मैदानाकडे निघाली आहे, अशी वाचकांनी कल्पना करावी. वडील मूळचे कोल्हापूरचे, नोकरीच्या निमित्ताने येथे आलेले. मैदानावर पोहोचल्यावर मुलगी रायफल पेटीतून बाहेर काढते, पोटावर आडवी होते, श्वास स्थिर करते आणि पहिली गोळी सोडते. पन्नास मीटरांवरील लक्ष्यावर ती गोळी मध्याच्या खाली, नवाच्या वर्तुळात उमटते. दुसरी थोडी वर येते. चौथ्या-पाचव्या गोळीपासून मात्र छिद्रे दहाच्या वर्तुळात एकमेकांस बिलगून पडू लागतात. काल असेच झाले होते. परवाही असेच झाले होते.

“बाबा, पहिली गोळी रोजच खाली जाते. रायफलमध्ये काही दोष असेल का?”

“अगं, दोष असता तर पुढच्या गोळ्या बरोबर कशा लागल्या असत्या?” वडील म्हणतात.

वडिलांचे उत्तर सरळ वाटते. पण त्याने मुलीचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. ही मुलगी कल्पनेतील असली, तरी तिचा प्रश्न जगातील प्रत्येक नेमबाजाला कधी ना कधी पडलेला आहे. रात्रभर पेटीत विसावलेल्या रायफलची पहिली गोळी पुढील गोळ्यांच्या सोबतीला न जाता थोडी बाजूला का जाते? हा दोष नळीचा, काडतुसाचा, की चाप ओढणाऱ्या बोटाचा?

एका गुणाची किंमत

प्रश्न क्षुल्लक नाही, हे समजण्यासाठी त्या वडिलांच्या कोल्हापूर जिल्ह्याचेच उदाहरण घेता येईल. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या लहानशा गावचा स्वप्नील कुसाळे हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीस लागला आणि ऑलिंपिकपटू दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने आपली नेमबाजी घडविली. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत तो उतरला. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून प्रत्येकी वीस, अशा साठ गोळ्या प्राथमिक फेरीत सोडावयाच्या असतात. सहाशेपैकी ५९० गुण मिळवून स्वप्नील सातव्या क्रमांकाने अंतिम आठ जणांत पोहोचला. त्याच फेरीत भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर याला ५८९ गुण मिळाले आणि तो अकराव्या स्थानी राहिला. दोघांत अंतर अवघ्या एका गुणाचे. परंतु एकासाठी अंतिम फेरीचे दार उघडले आणि दुसऱ्यासाठी ते मिटले.

पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह स्वप्नीलने कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते. त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळविलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर रायफलच्या, पोटावर झोपून खेळावयाच्या प्रकारात जागतिक अजिंक्यपद पटकाविले, तेव्हा त्यांचे गुण सहाशेपैकी ५९७ होते. म्हणजे साठ गोळ्यांत केवळ तीन गुण गमावलेले. ज्या खेळात हिशेब इतका काटेकोर असतो, त्या खेळात एका गोळीचे ‘थोडे बाजूला जाणे’ ही सामान्य गोष्ट राहत नाही.

स्पर्धेच्या नियमांनी या अडचणीची दखल घेतलेली आहे. मोजणीच्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी नेमबाजास तयारीसाठी आणि चाचणीसाठी ठरावीक वेळ मिळतो. त्या वेळेत सोडलेल्या गोळ्यांचे गुण धरले जात नाहीत. पण सैन्यातील किंवा पोलीस दलातील लांब पल्ल्याच्या नेमबाजाला अशी सवलत कोण देणार? त्याची पहिली गोळी हीच पुष्कळदा त्याची एकमेव गोळी असते. म्हणूनच अशा नेमबाजांना आपल्या रायफलची थंड नळीची गोळी कोठे जाते, याची स्वतंत्र नोंद वहीत ठेवावयास शिकविले जाते.

आठ मिलिमीटरांचा हिशेब

आता आपण थोडे गणित करू. पन्नास मीटरांच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. आपल्या नेहमीच्या शर्टाच्या गुंडीएवढे ते असते, असे म्हटले तरी चालेल. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर असतो, आणि तिची कड वर्तुळाच्या रेषेस नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. याचा अर्थ असा की, गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटरांपर्यंत ढळला तरी दहा गुण मिळतील. त्यापलीकडे गेला की नऊ.

या रायफलीत वापरली जाणारी पॉइंट बावीस बोअरची गोळी शिशाची असून तिचे वजन साधारण २.६ ग्रॅम असते. ती नळीतून सेकंदाला सव्वातीनशे मीटरांच्या आसपास वेगाने सुटते. पन्नास मीटर जाण्यास तिला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो. एवढ्या अल्प काळातही पृथ्वी तिला आपल्याकडे ओढतेच, आणि ती नळीच्या रेषेपासून जवळजवळ साडेबारा सेंटिमीटर खाली येते. रायफलची दृष्टी, म्हणजे नेम धरण्याची साधने, हे खाली येणे जमेस धरूनच लावलेली असते.

समजा, एखादी गोळी आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा सेकंदाला केवळ दहा मीटर हळू निघाली. तिला लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास किंचित अधिक वेळ लागेल, आणि त्या किंचित वेळात ती आठ मिलिमीटरांहून थोडी अधिक खाली येईल. म्हणजे नेम पूर्णपणे अचूक धरलेला असूनही दहाऐवजी नऊ! वेगातील हा फरक शेकडा तीनच होता. पण त्याने पुरता एक गुण खाल्ला.

दिशेचा हिशेबही असाच आहे. नळी सुमारे पासष्ट सेंटिमीटर लांब धरली, तर दृष्टिरेषेच्या तुलनेत तिच्या तोंडाकडील टोक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके जरी सरकले, तरी पन्नास मीटरांवर गोळी जवळजवळ आठ मिलिमीटर बाजूला जाते. एक दशांश मिलिमीटर म्हणजे डोक्यावरील एका जाड केसाची रुंदी. पहिल्या गोळीचे रहस्य शोधताना मोठमोठ्या बिघाडांकडे पाहावयाचे नसून अशा केसभर कारणांकडे पाहावयाचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

नळीच्या आत

पहिले कारण नळीच्या आतच दडलेले असते. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्यांत घट्ट बसून पुढे सरकते आणि भोवऱ्याप्रमाणे फिरत बाहेर पडते. या फिरण्यामुळेच ती हवेत डळमळत नाही. साहजिकच गोळी आणि खाचा यांच्यातील घर्षण दर वेळी सारखे राहिले, तरच गोळ्यांचा वेगही सारखा राहील.

काल संध्याकाळी मुलीने रायफल स्वच्छ केली. गजाला चिंधी लावून आतील काजळी काढली आणि गंज चढू नये म्हणून तेलाचा हलका हात फिरविला. हे अगदी योग्यच केले. परंतु आज सकाळची पहिली गोळी त्या तेलाच्या पातळ थरावरून गेली. तिच्यासाठी नळी निराळी होती. ते तेल पुसत, जाळत ती बाहेर पडली आणि दुसऱ्या गोळीसाठी नळीची अवस्था थोडी बदलून गेली.

पॉइंट बावीसच्या गोळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. शिशाच्या या गोळ्यांवर मेणासारख्या किंवा चरबीसारख्या वंगणाचा थर असतो. प्रत्येक गोळी जाताना त्याचा थोडा अंश नळीच्या पृष्ठभागावर ठेवून जाते. स्वच्छ केलेल्या नळीत हा लेप पुन्हा एकसारखा बसण्यास काही गोळ्या जाव्या लागतात. घरातील गृहिणींना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नुकताच घासूनपुसून चुलीवर ठेवलेला बिडाचा तवा पहिल्या धिरड्याला कसा वागतो, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. पहिले धिरडे चिकटते; तिसरे-चौथे अलगद सुटते. पीठ तेच असते, हात तोच असतो. तव्याला मात्र तेल मुरलेले असते.

नळी न पुसता तशीच ठेवली, तरी रात्रीच्या थंडीत आतील वंगण घट्ट होते आणि पहिल्या गोळीला ते निराळा विरोध करते. स्पर्धेच्या मध्येच बराच वेळ गोळी सोडली नाही, तरी हा परिणाम कमी प्रमाणात जाणवू शकतो.

मोठ्या बोअरच्या रायफलींत गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टण असते. तेथे वंगणाच्या लेपाऐवजी तांब्याचा आणि जळलेल्या दारूचा अंश खाचांत बसतो. नळी अगदी लखलखीत केल्यावर पहिल्या एक-दोन गोळ्या वेगळ्या जाण्याचे कारण तेथेही हेच असते.

दारू आणि थंडी

दुसरे कारण काडतुसाचे. काडतुसातील दारूचे जळणे तिच्या तापमानावर अवलंबून असते. थंड दारू हळू जळते, नळीतील दाब किंचित कमी राहतो आणि गोळी थोड्या कमी वेगाने निघते. गरम दारूचे याच्या उलट. जयपूरच्या ज्या हिवाळी दिवसात पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचे अंतर असते, त्या दिवशी पहाटे लावलेली दृष्टी दुपारी जशीच्या तशी उपयोगी पडेलच असे नाही.

काडतुसांची पेटी उन्हात उघडी ठेवण्याची सवय यामुळेच घातक ठरते. वरची काडतुसे तापतात, तळाची थंड राहतात, आणि मग गोळ्या वर-खाली का जात आहेत, हे कोडे नेमबाजाला सुटत नाही. तापलेल्या नळीत भरलेले काडतूस तसेच बराच वेळ ठेवले, तर तेही ऊब धरते. पेटी सावलीत ठेवावी आणि काडतूस भरल्यावर उगीच रेंगाळू नये, हा साधा नियम अनेक महागड्या उपायांपेक्षा अधिक फळ देतो.

पोलाद आणि दस्ता

तिसरे कारण नळीच्या पोलादाचे आणि तिला धरणाऱ्या दस्त्याचे. उष्णतेने पोलाद प्रसरण पावते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पासष्ट सेंटिमीटरांची नळी दहा अंशांनी तापली, तर तिची लांबी एक दशांश मिलिमीटरहूनही कमी वाढते. नुसत्या लांबीने नेम बिघडत नाही. बिघडतो तो नळी सर्व बाजूंनी सारखी न वाढल्याने. घडविताना पोलादात काही ताण शिल्लक राहिला असेल, तर नळी तापताच तो ताण तिला एका अंगास किंचित ओढतो. नळी कोठेतरी दस्त्याला टेकत असेल, तर तापलेली नळी त्या ठिकाणी रेटा देते आणि तिची दिशा बदलते. लाकडी दस्ता हवेतील दमटपणानेही फुगतो व आक्रसतो. मुंबईच्या पावसाळ्यात आणि जयपूरच्या कोरड्या हिवाळ्यात तो एकसारखा राहत नाही.

या कारणास्तव चांगल्या रायफलीत नळी दस्त्यापासून मोकळी ठेवतात. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून ती अडखळत नाही ना, हे पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. नळी ज्या पेचांनी दस्त्यात बसविलेली असते, ते ठरलेल्या ताणाने आवळलेले आहेत की नाहीत, हेही तपासले पाहिजे. ढिला पेच पहिल्या धक्क्याबरोबर आपली जागा घेतो, आणि पहिली गोळी त्या धक्क्याचा बळी ठरते.

तथापि येथे एक विवेक राखला पाहिजे. पॉइंट बावीसच्या काडतुसात दारू फार थोडी असते. त्यामुळे तिची जाड नळी सावकाश सोडलेल्या गोळ्यांनी फारशी तापत नाही. तेथे वंगणाचा आणि वेगाचा प्रश्न मोठा, उष्णतेचा लहान. मोठ्या बोअरच्या रायफलीत मात्र थोड्याच गोळ्यांत नळी हाताला चटका देऊ लागते, आणि तेथे उष्णतेचा वाटा वाढतो. सर्व रायफलींना एकच निदान लागू पडत नाही.

दारूच नसेल तर?

दहा मीटरच्या स्पर्धेत हवेची रायफल वापरतात. तिच्यात दारू नसते आणि धूरही नसतो. मग तिची पहिली गोळी तरी सरळ जात असेल? नेहमीच नाही. अशा रायफलीच्या नळकांड्यात हवा मोठ्या दाबाखाली भरलेली असते, आणि एक नियंत्रक झडप त्यातून प्रत्येक गोळीसाठी ठरावीक दाबाची हवा पुढच्या कप्प्यात सोडते. रायफल बराच वेळ तशीच पडून राहिली, तर झडपेतून सूक्ष्म प्रमाणात हवा झिरपते आणि कप्प्यातील दाब किंचित चढतो. पहिली गोळी मग नेहमीपेक्षा वेगाने जाते. एक-दोन गोळ्यांनंतर दाब पुन्हा ठरल्या जागी येतो.

ही गोळी सेकंदाला सुमारे पावणेदोनशे मीटरांच्या वेगाने जाते. तिच्या वेगात शेकडा तीन फरक पडला, तर दहा मीटरांवर ती सुमारे एक मिलिमीटर वर-खाली होते. एक मिलिमीटर म्हणजे कितीसा? या लक्ष्यावरील दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि दशांशाच्या मोजणीत एका मिलिमीटरने ०.४ गुण जातात. जयपूरची अवनी लेखरा हिने ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो पॅरालिंपिकमध्ये चाकांच्या खुर्चीवरून खेळून याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तिचे गुण २४९.६ होते आणि रौप्यपदक मिळविणाऱ्या चिनी खेळाडूचे २४८.९. सारे अंतर ०.७ गुणांचे! पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. २०२४ साली पॅरिस येथे २४९.७ गुणांसह तिने ते पदक राखले, आणि त्याच अंतिम फेरीत राजस्थानच्याच मोना अगरवाल यांनी कांस्यपदक मिळविले.

जयपूरच्या या यशाला महाराष्ट्राचाही हात लागलेला आहे. अवनीच्या प्रशिक्षक सुमा शिरूर यांची प्रबोधिनी पनवेल येथे आहे. सुमाताईंनी स्वतः २००४ साली क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण मिळवून जागतिक उच्चांकाची बरोबरी साधली होती. चाळीस गोळ्या आणि एकही दहाच्या बाहेर नाही! अशा कामगिरीमागे डोळा आणि हात जितके असतात, तितकीच आपल्या साधनाची खडान्‌खडा ओळखही असावी लागते.

रायफल की नेमबाज?

येथपर्यंत आपण सारा दोष पोलाद, दारू, वंगण आणि हवा यांच्यावर टाकला. परंतु पहिली गोळी ही केवळ रायफलची पहिली नसते. ती नेमबाजाचीही पहिलीच असते.

थंडीत बोटाला चापाचा नेमका दाब कळत नाही. खांद्याला दस्ता रोज एकाच जागी टेकला जातो असे नाही. गाल दस्त्यावर केसभर पुढे-मागे ठेवला, तर डोळा दृष्टिरेषेच्या मध्यावर राहत नाही. श्वास अजून लयीत आलेला नसतो, मन घरच्या किंवा शाळेच्या विचारातून पुरते सुटलेले नसते. शिवाय गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच रायफलचा मागे येणारा धक्का सुरू झालेला असतो. म्हणून खांद्याची पकड सैल असेल तर गोळी एकीकडे जाते, आवळलेली असेल तर दुसरीकडे. चार-पाच गोळ्यांनंतर शरीर आपली घडी बसवून घेते. अनेक अनुभवी प्रशिक्षक म्हणूनच ‘थंड नळी’पेक्षा ‘थंड नेमबाज’ अधिक वेळा गुन्हेगार असतो, असे मानतात.

याशिवाय स्मरणशक्तीही आपल्याला फसविते. कोणत्याही रायफलीच्या दहा गोळ्या एकाच छिद्रातून जात नाहीत. त्यांचा एक लहानसा पुंजका होतो. पहिली गोळी त्या पुंजक्याच्या कडेला पडली की आपण म्हणतो, ‘पाहा, पुन्हा चुकली!’ सातवी गोळी तेवढीच कडेला गेली, तर तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ज्या सकाळी पहिलीच गोळी मध्यावर लागली, ती सकाळ आपण विसरून जातो.

मग खरे काय, हे ठरवावयाचे कसे? सुदैवाने त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. एक वही, एक तांबडी पेन्सिल आणि थोडा संयम पुरेसा आहे.

दहा सकाळींची वही

मुलीने प्रथम दहा सकाळी एवढेच करावे. रोजची पहिली गोळी एका वेगळ्या लक्ष्यावर सोडावी आणि पुढील दहा गोळ्या दुसऱ्या लक्ष्यावर. पहिल्या गोळीची जागा तांबड्या पेन्सिलीने एकाच कागदावर रोज नोंदवीत जावी. सोबत हवेचे तापमान, काडतुसांचा गट, नळी आदल्या दिवशी पुसली होती की नाही, हेही लिहावे. दहा दिवसांनी त्या कागदावर दहा तांबडे ठिपके असतील. ते सारे एका ठिकाणी, समजा मध्याच्या खाली, एकत्र आले असतील, तर खात्रीने काही नियमित कारण काम करीत आहे. ते मध्याच्या चहूकडे विखुरलेले असतील, तर पहिली गोळी रोज खाली जाते ही समजूतच खोटी होती.

ठिपके एकत्र आले, तर पुढची पायरी. पाच दिवस नळी न पुसता ठेवावी आणि पाच दिवस पुसून, कोरड्या चिंधीने तेल टिपून घेऊन मग सुरुवात करावी. पुसल्यानंतरच गोळी ढळत असेल, तर कारण तेल व वंगण. न पुसताही ढळत असेल, तर थंडीकडे किंवा नेमबाजाकडे वळावे.

तिसरी पायरी नेमबाजाच्या परीक्षेची. पहिली गोळी भरण्यापूर्वी, रिकाम्या रायफलीवर, मैदानाच्या नियमांनुसार आणि नळी लक्ष्याकडेच ठेवून, दहा-पंधरा वेळा संपूर्ण क्रिया करावी: श्वास, नेम, चाप, आणि नंतरचे क्षणभर स्थिर राहणे. या तालमीत नळी थंडच राहते. ऊब येते ती फक्त माणसाला. त्यानंतरची पहिली गोळी जर पुंजक्यात जाऊन बसली, तर दोष नळीचा नव्हता हे निःसंशय ठरते.

या साऱ्या काळात एक मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. पहिली गोळी खाली गेली म्हणून लगेच दृष्टी वर करावयाची नाही. रायफल चौथ्या-पाचव्या गोळीला आपल्या मूळ ठिकाणी येणारच आहे. तोवर दृष्टी हलविलेली असली, तर चांगल्या गोळ्याही वर जाऊ लागतात. मग नेमबाज ती पुन्हा खाली करतो, आणि सारी सकाळ या पाठलागात निघून जाते. एका गोळीवरून दृष्टी हलवू नये. पुंजका पाहून हलवावी.

या वहीचे मोल घरच्या लोकांनीही ओळखावे. नेमबाजी हा खर्चाचा खेळ आहे. मुलाने किंवा मुलीने तक्रार केली की नवी नळी, नवा दस्ता, परदेशी काडतुसे यांचा विचार सुरू होतो, आणि मध्यम परिस्थितीतील कुटुंबाला तो भार जड जातो. कधी नव्या नळीची खरोखरच आवश्यकता असते. परंतु दोष तेलाच्या एका थेंबात किंवा गारठलेल्या बोटात असेल, तर हजारो रुपयांची नळीही पहिल्या सकाळी तसेच वागेल.

आदर्शनगरात आता ऊन चढले आहे. मैदानावरून परतलेली मुलगी जेवणाच्या टेबलावर आपले कागद पसरून बसली आहे. आज तिने पहिली गोळी सोडण्यापूर्वी रिकाम्या रायफलीवर पंधरा वेळा तालीम केली होती. तांबडा ठिपका कालच्यापेक्षा वर आला आहे. पण अजून मध्यावर नाही.

“म्हणजे थोडा दोष माझा, आणि थोडा नळीचा,” ती म्हणते.

“एका दिवसावरून कसे सांगता येईल? अजून नऊ सकाळी आहेत ना?” वडील विचारतात.

ती मान डोलावते, वहीत तारीख घालते आणि तारखेपुढे तापमान लिहिते: आठ अंश.